ब्रह्मपुरीच्या पोटात

पंचगंगेकाठची ब्रह्मपुरीची टेकडी आपणा कोल्हापूरकरांच्या इतकी अंगवळणी पडली आहे, की तिच्या पोटात काय दडले असेल, हा विचार सहसा मनात येत नाही. १९४५-४६ साली डॉ. ह. धी. सांकलिया आणि डॉ. मो. गं. दीक्षित यांनी तिथे उत्खनन केले आणि सातवाहनकाळातली विटांची घरे उजेडात आली. याच टेकडीत सापडलेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची छोटी ब्राँझमूर्ती टाउन हॉलमधल्या वस्तुसंग्रहालयात आहे. कुठला समुद्र आणि कुठली पंचगंगा!

उरलेली ब्रह्मपुरी आज घरांखाली आहे. शिवाय उत्खनन ही अशी खतावणी आहे, की वाचलेले पान फाटतेच. खणलेला थर पुन्हा रचता येत नाही.

म्हणून भूवेधी रडारचे महत्त्व. हातगाडीसारखे हे यंत्र जमिनीवरून ओढत न्यायचे. ते खाली रेडिओलहरी सोडते. माती संपून वीट, दगड किंवा पोकळी लागली, की लहरीचा काही भाग परत फिरतो. सर्वसाधारण मातीत एक मीटर खाली जाऊन यायला लहरीला सुमारे २० नॅनोसेकंद लागतात. नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग. त्या वेळेवरून खोली काढतात. इटलीतले फालेरी नोवी हे अख्खे रोमन शहर संशोधकांनी असेच, कुदळ न लावता नकाशावर उतरवले. २०२० साली ते प्रसिद्ध झाले.

आपल्याकडे मात्र एक अडचण आहे. ओली, चिकण काळी माती या लहरी पिऊन टाकते. तिथे मीटरभरही नीट दिसेल, याची खात्री नाही. आणि रडार जागा दाखवते, वस्तूचे नाव सांगत नाही. लॉकरचा नंबर कळला म्हणून आतले दागिने थोडेच कळतात? विटांची भिंत सातवाहनांची की आजोबांच्या काळातली, हे शेवटी कुदळच ठरवणार.

तरीही एक गोष्ट करता येईल. जुने घर पाडून नवी इमारत उठण्याआधी काही दिवस जमीन मोकळी असते. जिथे माती साथ देईल, तिथे तेवढ्या अवधीत हे यंत्र फिरवून घ्यावे. एकदा पायाचे खड्डे खणले, की दोन हजार वर्षांचा हिशेब डंपरमधून भरावाला जातो. त्याची दुसरी प्रत कुठेही नाही.