विम्याच्या भिंतीवरचे शेतकरी

विमा कंपनीच्या कचेरीच्या भिंतीवर शेतकरी, कुंभार आणि सूत कातणाऱ्या बायांचं काय काम? मुंबईच्या फोर्टात, महात्मा गांधी रस्त्यावर, न्यू इंडिया अश्युरन्सच्या इमारतीसमोर उभं राहिलं की हा प्रश्न पडतो. रस्ता गजबजलेला, त्यामुळे मान वर करायला सवड काढावी लागते; पण काढावी.

१९३६च्या सुमारास उभी राहिलेली ही इमारत मास्टर, साठे आणि भुता या वास्तुरचनाकारांची. सिमेंट-काँक्रीटचा सांगाडा, दर्शनी भागावर खालून वर धावणाऱ्या उभ्या पट्ट्या, आणि त्यांच्या जोडीला ना. ग. पानसरे यांची शिल्पं. काही भव्य मानवाकृती इतक्या ताठ आणि कोनाकोनांत घडवलेल्या की इजिप्तची आठवण यावी. ही आर्ट डेको शैलीची लकब. मात्र उठावशिल्पांतली माणसं अस्सल इथली, आपापल्या कामात बुडालेली.

जवळच्याच राजाबाई टॉवरवरही इथली माणसं आहेत. १८७८ साली पूर्ण झालेल्या त्या गॉथिक मनोऱ्यावर पश्चिम भारतातल्या जातींचे चोवीस पुतळे बसवले. तिथे माणूस ओळखायचा तो जातीवरून. पानसऱ्यांच्या भिंतीवर कामावरून. साठेक वर्षांत शहराची नजर किती बदलली, हे मला या दोन इमारती शेजारी ठेवल्यावर जास्त कळतं.

कंपनी सर दोराबजी टाटांनी १९१९ साली काढली. विम्याचा धंदा तेव्हा बव्हंशी परदेशी कंपन्यांच्या हातात होता. स्वदेशी कंपनीने आपल्या दारावर कष्टकरी कोरून घ्यावेत, यात त्या काळचं राजकारण दिसतं. थोडी जाहिरातही असणारच! पण तेव्हाचा विमा मुख्यतः जहाजांचा, गोदामांचा, गिरण्यांचा. भिंतीवरचा कुंभार कशाला जिना चढतोय?

भिंतीवरच्या शेतकऱ्यापर्यंत विमा पोचला तो नंतर. १९७३ साली सर्वसाधारण विम्याचं राष्ट्रीयीकरण झालं, आणि पुढे न्यू इंडियासारख्या सरकारी कंपन्यांनी जनावरांचा विमा खेडोपाडी नेला. घोडेगावसारख्या जनावरांच्या बाजारात फिरणाऱ्याला विमा उतरवलेल्या जनावराची ओळख पटवणाऱ्या कानातल्या बिल्ल्याचं महत्त्व सांगावं लागत नाही. विमा उतरवलेली म्हैस दगावली आणि बिल्ला हरवलेला असला, तर दावा अडतो. एका बिल्ल्यापायी म्हशीची किंमत बुडू शकते, म्हणून शेतकरी तो दावणीला घासून तुटू नये याची काळजी घेतो.