बांगडी अडते तेव्हा

छत्रपती संभाजीनगरात डोहाळजेवणाची हिरवी साडी घ्यायची तर गुलमंडी, आणि हिरव्या बांगड्या भरायच्या तर जवळचा कासारी बाजार. नेहमीच्या मापाची बांगडी हातावरच अडली, की सोबतच्या बायका म्हणतात, "दिवसच तसे आहेत गं." संध्याकाळी पावलांवर येणारी सूज बहुधा साधीच असते. पण हात आणि चेहरा एकाएकी सुजला, डोकं ठणकू लागलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर त्याच दिवशी रक्तदाब मोजायला हवा.

दाब म्हणजे काय, हे या शहराला चारशे वर्षांपासून ठाऊक आहे. मलिक अंबरच्या नहरीचं पाणी मातीच्या नळांतून जुन्या शहरात यायचं. दाब सांभाळायला वाटेत विटांचे मनोरे होते. रक्तवाहिनी मात्र नुसता नळ नाही. तिला आतून एका पेशीच्या जाडीचं जिवंत अस्तर असतं. प्रवाह वाढला की ते नायट्रिक ऑक्साइड सोडतं, भोवतीचा स्नायू सैलावतो, वाहिनी रुंदावते. म्हणूनच गर्भारपणात रक्त जवळपास दीडपट होऊनही निरोगी बाईचा दाब मधल्या महिन्यांत उलट थोडा उतरतो.

विसाव्या आठवड्यानंतर तो 140/90 वर गेला आणि लघवीतून प्रथिनं जाऊ लागली, तर तो प्रीएक्लाम्प्सिया. बऱ्याचदा मूळ वारेत असतं. गर्भाशयातल्या नागमोडी धमन्या पुरेशा रुंदावलेल्याच नसतात. रक्ताला आचवलेली वार आईच्या रक्तात एक प्रथिन सोडते आणि अस्तराला जपणारे घटक ते अडवून धरतं. मग अस्तर झिरपू लागतं, वाहिन्या आवळतात. मेंदूपर्यंत पोचलं तर झटके येतात. सुनेच्या खाण्यापिण्याला बोल लावणारी घरं पाहिली की जीव तुटतो. यात तिचा काही दोष नसतो.

उपचाराचा एक मोठा पुरावा आपल्या नागपूरचा आहे. तिथल्या दोन सरकारी रुग्णालयांत अतिशय वाढलेल्या दाबाच्या 894 गर्भवतींना तीनपैकी एक औषध गोळीच्या रूपात दिलं गेलं. 2019 साली 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आले: सहा तासांत, गंभीर दुष्परिणामांविना, दाब आटोक्यात आला तो निफेडिपिनने 84 टक्के, लॅबेटॅलॉलने 77 टक्के आणि मिथाइलडोपाने 76 टक्के जणींचा. सलाईन, पंप नसलेल्या दवाखान्यासाठी ही केवढी मोठी गोष्ट!

वार पडली की आजार उतरू लागतो, पण लगेच नाही. झटके बाळंतपणानंतरच्या दिवसांतही येऊ शकतात. माहेरी तेव्हा शेक-शेगडी, डिंकाचे लाडू सगळं तयार असतं. त्याच खोलीत दाब मोजायलाही कुणीतरी यायला हवं.