हबीब तनवीर यांचे नाट्यदिग्दर्शन आणि बोलीचा प्रश्न

दिग्दर्शनाची चर्चा करताना नेपथ्य, प्रकाशयोजना, पात्रांच्या हालचाली यांचा ऊहापोह पुष्कळ होतो. नटाने कोणत्या भाषेत बोलावे, हा प्रश्न मात्र नाटककाराने आधीच सोडविलेला आहे असे आपण गृहीत धरतो. हबीब तनवीर (१९२३–२००९) यांनी हा प्रश्न दिग्दर्शकाच्या कक्षेत आणला. अभिजात नाटक असो वा स्वतः रचलेले, दोहोंना त्यांनी हीच कसोटी लावली. प्रस्तुत लेखात तिचे स्वरूप भाषाशास्त्राच्या बाजूने पाहावयाचे आहे.

तनवीर मूळचे रायपूरचे. नागपूरच्या मॉरिस कॉलेजातून ते पदवीधर झाले. त्यांच्या काव्यलेखनाची भाषा उर्दू. छत्तीसगढी बालपणापासून कानांवर पडलेली. १९५४ साली दिल्लीत त्यांनी ‘आग्रा बाजार’ सादर केले. कवी नझीर अकबराबादी यांच्यावरील या नाटकात नझीर स्वतः रंगमंचावर येतच नाहीत. त्यांची कविता फेरीवाल्यांच्या मुखी येते. एका बाजूस पुस्तकविक्रेत्याच्या दुकानातली घोटीव उर्दू, दुसऱ्या बाजूस बाजारातली बोलचाल. भाषेच्या थरांमधील अंतर हाच, आमच्या मते, त्या नाटकाचा खरा विषय होय.

त्यानंतर इंग्लंडमध्ये नाट्यशिक्षण घेऊन व बर्लिनमध्ये ब्रेख्तची नाटके पाहून ते १९५८ साली परतले. छत्तीसगढातील ‘नाचा’ या लोकनाट्यप्रकारातील सहा नट त्यांनी दिल्लीस नेले आणि शूद्रकाचे ‘मृच्छकटिक’ ‘मिट्टी की गाडी’ या नावाने रंगभूमीवर आणले. परंतु रात्रभर गावकऱ्यांना खिळवून ठेवणारे हे नट हिंदी संवाद बोलू लागले की अवघडत. आखून दिलेल्या जागी उभे राहणे व परकी भाषा बोलणे, ही दोन्ही ओझी आपणच त्यांच्यावर लादली, हे तनवीर यांना १९७० च्या सुमारास उमगले. पुढे त्यांनी ते मोकळेपणाने सांगितलेही. मग नटांनी आपल्या बोलीत प्रसंग उभा करावयाचा, आणि त्यातून जे हाती येईल ते दिग्दर्शकाने निवडून पक्के करावयाचे, असा क्रम त्यांनी स्वीकारला.

याचे कारण केवळ भावनिक नव्हे. बोलणाऱ्याचा आघात, विराम, हेल आणि हातवारा या चार वेगळ्या गोष्टी नसून एकाच उच्चारक्रियेची ती अंगे आहेत. कमावलेल्या भाषेत बोलणाऱ्याचे अर्धे लक्ष शुद्धतेकडे लागलेले असते; परिणामी शब्द आधी येतो आणि अंगविक्षेप मागून येतो. विनोदी नटाच्या बाबतीत तर एवढा विलंब घातक ठरतो.

तथापि ‘मृच्छकटिक’ संपूर्णपणे एका बोलीत आणण्यात काही हानीही आहे. हे प्रकरण जाणून घ्यावे असेच आहे. संस्कृत नाटकांपैकी प्राकृतांचे इतके वैविध्य दुसऱ्या कोणत्याही नाटकात नाही. टीकाकार पृथ्वीधराने शौरसेनी, आवंती, प्राच्या, मागधी यांबरोबर शाकारी, चांडाली व ढक्की अशी नावे दिली आहेत. चारुदत्त संस्कृत बोलतो, विदूषक मैत्रेय प्राच्या बोलतो. शकाराच्या तोंडी ‘स’च्या जागी ‘श’ व ‘र’च्या जागी ‘ल’ येतो. सहाव्या अंकात तर कथानकच भाषेच्या चुकीवर तोललेले आहे. गाडीत वसंतसेनेऐवजी आर्यक लपला आहे हे पाहून चंदनक आधी पुल्लिंगी शब्द उच्चारतो व लगेच तो सुधारून स्त्रीलिंगी करतो. वीरकाला संशय येतो. तेव्हा चंदनक सांगतो की आम्ही दाक्षिणात्य, आमचे बोलणे अस्पष्ट असावयाचेच! छत्तीसगढीत क्रियापदाला लिंगभेद नाही. ‘वो जाथे’ हे पुरुषालाही लागू आणि स्त्रीलाही. त्यामुळे ही घसरण तेथे केवळ नामापुरती उरते.

आपल्याकडे गोविंद बल्लाळ देवल यांनी १८८० च्या दशकात याच नाटकाचे संगीत मराठी रूप सिद्ध केले. त्यांनी भाषेची ही उतरंड मराठीच्या एका शिष्ट पातळीवर आणली. तनवीर यांनी ती उलट दिशेने सपाट केली: चारुदत्तालाही शेतकऱ्याची बोली दिली. दोन्हीकडे उतरंड मोडली. पण शिष्ट भाषेत मोडली तर कोणी त्यास आक्षेप घेत नाही, आणि बोलीत मोडली की अभिजाताचा अवमान झाला असे वाटते. ही आपल्या अभिरुचीची खूण होय, शूद्रकाची नव्हे. स्वतः शूद्रकाने वसंतसेनेसारख्या नायिकेला बहुतांशी प्राकृतच दिले आहे.

शिवाय बोलीबरोबर एक हरवलेला संकेत परत आला. संस्कृत नाटकात पात्राने रंगमंचावर फेरी मारली की स्थळ बदलते. नाट्यशास्त्रातील कक्ष्याविभाग तो हाच. पाश्चात्य स्थलैक्याच्या चष्म्यातून पाहणाऱ्यांना हे नाटक विस्कळीत वाटे. नाचाच्या नटाला मात्र एका फेरीत गाव ओलांडणे हे शिकवावे लागत नव्हते.

नव्या नाटकात ही पद्धत अधिक निर्वेध चालली. ‘चरणदास चोर’ (१९७५) विजयदान देथा यांच्या राजस्थानी कथेवर आधारलेले आहे. चोर थट्टेने गुरूला चार वचने देतो: सोन्याच्या ताटात जेवणार नाही, हत्तीवर बसून मिरवणार नाही, राणीशी लग्न करणार नाही, राज्य घेणार नाही. खोटे न बोलण्याचे पाचवे वचन गुरू त्याच्याकडून घेतो, आणि ही वचने पाळता पाळताच त्याचा जीव जातो. सत्यालाच ईश्वर मानणाऱ्या सतनामी पंथाची पंथी गीते तनवीर यांनी यात गुंफली. त्यामुळे राजस्थानातील कथा छत्तीसगढाच्या श्रद्धेत रुजली. संवाद तालमीत नटांच्या तोंडून घडले. त्यांपैकी कित्येकांचा लेखनवाचनाशी संबंध बेताचाच होता.

हे नाटक १९८२ साली एडिंबरो येथील महोत्सवात गौरविले गेले, तेव्हा तेथील प्रेक्षकांना छत्तीसगढीचा एक शब्दही येत नसणार. म्हणून बोली कळत नाही ही दिल्लीकर प्रेक्षकाची सबब फारशी टिकत नाही. मात्र या सर्व प्रक्रियेत नट बोलत आणि दिग्दर्शक वेचीत असे. कोणते वाक्य राहावे व कोणते गळावे, याचा अखेरचा निर्णय उर्दूतून कविता लिहिणाऱ्या, लंडनमध्ये शिकलेल्या एका व्यक्तीच्या हाती होता. तनवीर यांच्या संहितांना लोकनाट्य म्हणावे की लोकबोलीत रचलेले एका नाटककाराचे नाटक म्हणावे, याचा निर्णय तालमीत बोलले गेलेले आणि छापलेल्या संहितेत उरलेले संवाद शेजारी शेजारी ठेवूनच करावा लागेल.