विश्लेषण : टेबल टेनिसची पुरुष दुहेरी २४ वर्षांनी ऑलिम्पिकमध्ये... भारतासाठी ही संधी का मोठी?

टेबल टेनिसमधील पुरुष दुहेरी २००४च्या अथेन्स ऑलिम्पिकनंतर बंद झाली. २०२८च्या लॉस एंजलिस ऑलिम्पिकमध्ये ती पुन्हा खेळवली जाणार आहे. राष्ट्रकुल स्पर्धेत सलग चार वेळा याच प्रकारात पदक मिळवणाऱ्या भारताला यामुळे नवे दार उघडले आहे. मात्र दोन चांगले एकेरी खेळाडू एकत्र आणले की चांगली जोडी तयार होते, हा समज इथे टिकत नाही. असे का, याचा आढावा...

नेमका बदल काय?

टेबल टेनिसचा ऑलिम्पिकमध्ये समावेश १९८८च्या सोल स्पर्धेत झाला. त्या वेळी पुरुष आणि महिला गटांत एकेरी व दुहेरी अशी चारच सुवर्णपदके होती. सोलच्या पुरुष दुहेरीत भारताकडून कमलेश मेहता आणि सुजय घोरपडे ही जोडी उतरली होती. २००८च्या बीजिंग ऑलिम्पिकपासून दुहेरीची जागा सांघिक प्रकाराने घेतली. सांघिक लढतीत दुहेरीचा एक सामना असायचा, पण दुहेरीचे स्वतंत्र पदक गेले. टोकियोत मिश्र दुहेरी आली. आता लॉस एंजलिसमध्ये पुरुष आणि महिला सांघिक प्रकार नसतील. त्याऐवजी पुरुष दुहेरी, महिला दुहेरी आणि मिश्र सांघिक हे प्रकार असतील. एकेरी व मिश्र दुहेरी धरून एकूण सहा सुवर्णपदके पणाला लागतील.

दुहेरी एकेरीपेक्षा वेगळी कशी?

टेबल तेच असते. लांबी २.७४ मीटर, रुंदी १.५२५ मीटर. फरक नियमांत आहे. बॅडमिंटन किंवा टेनिसच्या दुहेरीत ज्याच्या जवळ चेंडू किंवा शटल येईल तो मारतो. टेबल टेनिसमध्ये जोडीदारांनी आळीपाळीनेच फटका मारावा लागतो. पाळी नसलेल्याने चेंडू मारला की गुण प्रतिस्पर्ध्याला. त्यामुळे फटका मारून झाल्यावर क्षणात बाजूला होऊन जोडीदाराला जागा करून द्यावी लागते. एकेरीत फटक्यानंतर टेबलाच्या मध्याकडे परतण्याची सवय असते. दुहेरीत तीच सवय जोडीदाराच्या वाटेत येते.

दुसरा फरक सर्व्हिसचा. एकेरीत सर्व्हिस टेबलावर कुठेही टाकता येते. दुहेरीत ती आपल्या उजव्या अर्ध्या भागातून समोरच्याच्या उजव्या अर्ध्या भागात, तिरकीच टाकावी लागते. म्हणजे चेंडू कोणत्या ७६ सेंटिमीटर पट्ट्यात येणार, हे परतवणाऱ्याला आधीच ठाऊक असते. सर्व्हिस जरा लांब पडली की त्यावर थेट हल्ला होतो. म्हणून दुहेरीत सर्व्हिस आखूड ठेवणे आणि पहिले तीन-चार फटके अचूक खेळणे याला अधिक महत्त्व येते.

क्रमाचे गणित काय?

समजा अलिबागच्या जोडीत अ आणि आ, तर पेणच्या जोडीत प आणि फ आहेत. अ ने सर्व्हिस केली, प ने परतवली, मग आ, मग फ आणि पुन्हा अ असे चक्र चालते. दर दोन गुणांनंतर सर्व्हिस बदलते, पण हे चक्र मोडत नाही. म्हणजे पूर्ण गेममध्ये अ चा चेंडू प लाच जातो आणि अ ला मात्र कायम फ चाच चेंडू खेळावा लागतो.

पुढच्या गेममध्ये हे चक्र उलटते. आता प चा चेंडू अ कडे येतो. प चा टॉपस्पिन जबरदस्त असेल आणि अ ला तो झेपत नसेल, तर तो गेम अलिबागसाठी अवघड ठरतो. त्यामुळे ‘सोपा क्रम’ आणि ‘अवघड क्रम’ असे गेम ओळखून प्रशिक्षक डावपेच आखतात. सोप्या क्रमाचा गेम हातचा घालवणे इथे महागात पडते. निर्णायक गेममध्ये कोणत्याही जोडीचे ५ गुण झाले की बाजू बदलतात आणि परतवण्याचा क्रमही बदलतो. ११ गुणांच्या गेममध्ये हे वळण जवळपास मध्यावर येते. तिथवर घेतलेली आघाडी पुढच्या चार-पाच गुणांत वाहून जाऊ शकते.

डावखुरा जोडीदार का हवा?

दोघेही उजव्या हाताने खेळत असतील, तर दोघांना फोरहँडसाठी टेबलाच्या एकाच बाजूला उभे राहावेसे वाटते. मग प्रत्येक फटक्यानंतर एकमेकांभोवती फिरावे लागते. एक डावखुरा असेल तर तो टेबलाच्या उजवीकडे आणि दुसरा डावीकडे राहून फोरहँड मारू शकतो. दोघेही आत-बाहेर होतात, पण धडकत नाहीत. शिवाय सर्व्हिस उजव्या अर्ध्या भागातच येणार असल्याने डावखुऱ्याला ती फोरहँडने घेणे सोपे जाते. १९९२, २००० आणि २००४च्या ऑलिम्पिक विजेत्या चिनी जोड्यांमध्ये वँग ताओ, यान सेन आणि चेन की हे डावखुरे होते. अर्थात १९९६चे विजेते लियू गुओलियांग आणि काँग लिंगहुई दोघेही उजवे होते. डावा-उजवा मेळ फायद्याचा असतो, अनिवार्य नव्हे.

चीनचा बालेकिल्ला भेदता येतो का?

ऑलिम्पिकमधील पुरुष दुहेरीची पाचही सुवर्णपदके चीनने जिंकली. पण जागतिक स्पर्धेचे चित्र बदलते आहे. २०२५च्या दोहा जागतिक स्पर्धेत पुरुष दुहेरीच्या अंतिम फेरीत एकही चिनी जोडी नव्हती. जपानच्या हिरोतो शिनोझुका आणि शुनसुके तोगामी यांनी तैवानच्या जोडीला हरवून विजेतेपद मिळवले. १९६१ नंतर जपानला प्रथमच हे यश मिळाले.

जपानच्या या परंपरेची सुरुवात मुंबईत झाली होती. फेब्रुवारी १९५२ मध्ये आशियातील पहिली जागतिक टेबल टेनिस स्पर्धा मुंबईत भरली. जपान प्रथमच सहभागी झाला होता आणि नोरिकाझू फुजी व तादाकी हायाशी यांनी पुरुष दुहेरी जिंकली. त्याच स्पर्धेत हिरोजी सातोहने जाड स्पंजच्या बॅटने एकेरीचे विजेतेपद पटकावले. स्पंजवरून चेंडूचा आवाजच येत नसल्याने प्रतिस्पर्धी गोंधळले. पुढे १९५९ मध्ये बॅटच्या रबर-स्पंजच्या जाडीवर मर्यादा आली.

भारत कुठे उभा आहे?

२०१०च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत शरथ कमल आणि शुभजित साहा यांनी पुरुष दुहेरीचे सुवर्ण जिंकले. २०१४ मध्ये शरथ आणि अँथनी अमलराज यांना रौप्य मिळाले. २०१८ मध्ये शरथ आणि जी. साथियन यांनी रौप्य, तर मुंबईकर सानिल शेट्टी आणि हरमीत देसाई यांनी कांस्य मिळवले. २०२२ मध्ये शरथ-साथियन पुन्हा रौप्यपदक विजेते ठरले. २०१८ आणि २०२२ या दोन्ही अंतिम फेऱ्यांत त्यांना इंग्लंडच्या पॉल ड्रिंकहॉल आणि लियाम पिचफर्ड यांनीच पाचव्या गेममध्ये हरवले. २०२१च्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत भारताच्या दोन जोड्यांना कांस्य मिळाले.

आता शरथ निवृत्त झाला आहे. २०२६च्या ग्लासगो राष्ट्रकुल स्पर्धेच्या कार्यक्रमातून टेबल टेनिस वगळले आहे. २०३० मध्ये अहमदाबादला ते परतेल. म्हणजे पदकाची सवय असलेले व्यासपीठ मधल्या काळात नाही. गुजरातचा मानव ठक्कर उजवा आणि मानुष शाह डावखुरा. या जोडीकडे म्हणूनच आशेने पाहिले जाते. एकेरीत चीन, जपानच्या अव्वल खेळाडूंना सातत्याने हरवणे भारतीयांना अद्याप जमलेले नाही. दुहेरीत क्रमवारीतील अंतर समन्वयाने काही प्रमाणात भरून काढता येते.

रायगडच्या किनाऱ्यावर याचा अर्थ काय?

टेबल टेनिससाठी लागणारा सर्वांत महाग घटक म्हणजे टेबल. एका टेबलावर एकेरीत दोघे खेळतात, दुहेरीत चौघे. अलिबाग, मुरुड, श्रीवर्धनसारख्या ठिकाणी एकच टेबल असलेल्या शाळेसाठी हा साधा हिशेब महत्त्वाचा आहे. दुहेरीला आणखी एक गोष्ट लागते, ती म्हणजे रोज सोबत सराव करणारा जोडीदार. पावसाळ्यात गेटवे-मांडवा प्रवासी बोटी बंद झाल्या की सरावासाठी मुंबई गाठणे अधिक वेळखाऊ होते. अशा वेळी जोडीदार गावातलाच असेल तर सराव तुटत नाही.

किनाऱ्यावरील दमट हवेचा परिणाम बॅटवरही होतो. रबरवर ओलावा साचला की चेंडू घसरतो आणि फिरकी बसत नाही. रबर वरचेवर पुसणे आणि खेळून झाल्यावर संरक्षक फिल्म लावून बॅट बंद कव्हरमध्ये ठेवणे हा त्यावरचा उपाय. सरावाची सुरुवात मात्र बॅटने नव्हे, पायांनी करावी लागते. फटका, बाजूला सरकणे, जोडीदाराच्या मागून फिरून पुन्हा जागेवर येणे हे चक्र अंगवळणी पडेपर्यंत गुण मोजायला घेऊ नयेत. वर्गात एखादा डावखुरा विद्यार्थी असेल, तर त्याच्यासाठी उजवा जोडीदार आजच शोधायला हरकत नाही.