डायनोसोर गवत खात होते काय ?

मृगाचा पाऊस पडून आठपंधरा दिवस झाले कीं रत्नागिरीभोंवतालचे सडे हिरवे होतात. एरवीं उघडा पडलेला जांभा गवतानें झांकून जातो आणि गुरें त्यावर चरूं लागतात. हें पाहून एखाद्या शाळकरी मुलानें, पूर्वीं डायनोसोरही असेच चरत असतील काय, असा प्रश्न वडिलांस विचारला, तर तो हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. २००५ सालापर्यंत मोठमोठे पंडितही त्याचें उत्तर ‘नाहीं’ असेंच देत; आणि तें उत्तर बदलावयास लावणारा पुरावा महाराष्ट्रांतच सांपडला.

खुद्द रत्नागिरीस डायनोसोरांचीं हाडें शोधण्यांत मात्र अर्थ नाहीं. जांभ्याखालचा काळा पाषाण म्हणजे सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं भूगर्भांतून उसळून थरावर थर पसरलेला लाव्हा. तप्त रसांत हाडें टिकत नाहींत. उक्षी-कशेळीच्या सड्यांवरील प्रचंड खोदचित्रें पाहून कोणी भलतीच कल्पना करूं नये; तीं माणसाच्या हातचीं असून तेथला प्राणी हत्ती आहे. डायनोसोरांचा माग काढावयाचा तर लाव्ह्याखालचे गाळाचे थर जेथें उघडे पडले आहेत तेथें जावें लागतें. चंद्रपूर जिल्ह्यांत, वरोऱ्याच्या बाजूस, पिसदुरा म्हणून गांव आहे, तें असें ठिकाण होय. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तेथील अवशेषांकडे लक्ष वेधलें होतें.

या भागांतील मुख्य प्राणी टायटॅनोसोर कुळांतले. चार खांबांसारखे पाय, लांब मान व शेपटी, आणि देहाच्या मानानें अगदींच लहान डोकें, अशी त्यांची सर्वसाधारण ठेवण. जवळच्याच डोंगरगांव येथें सांपडलेल्या सांगाड्याचें वर्णन जैन व बंद्योपाध्याय या संशोधकांनीं १९९७ मध्यें प्रसिद्ध केलें. त्याची मान कुळाच्या मानानें आंखूड व पुढचे पाय लांब आहेत. २००३ मध्यें त्यास ‘इसिसोरस’ हें नांव मिळालें, तें कलकत्त्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या आद्याक्षरांवरून. संख्याशास्त्राच्या संस्थेचें नांव डायनोसोरास लाभावें ही गंमतच म्हणावयाची !

परंतु हाडांवरून देह कळतो, आहार पुरतेपणीं कळत नाहीं. त्यासाठीं पिसदुऱ्याच्या शेतांत पडलेल्या अश्मीभूत लेंड्या कामीं आल्या. चार्ल्स मॅटली यांनीं १९३९ मध्यें त्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पण त्यांतलें गवत दिसावयास आणखी साठांहून अधिक वर्षें जावीं लागलीं. गवत जमिनींतून पाण्याबरोबर विरघळलेली सिलिका शोषून घेतें. वाळूंत व कांचेंत असतो तोच हा पदार्थ. तो पानांतील पेशींत साठून कठीण होतो. पान कुजतें, पोटांत पचतें. कण मात्र पेशीचा आकार घेऊन तसाच राहतो. गवताच्या निरनिराळ्या कुळांत या कणांचे आकार निरनिराळे असतात. सड्यावरच्या गवताची पात बोटास कापते, तिच्या धारेसही हीच सिलिका कारण आहे.

लखनौच्या बिरबल साहनी संस्थेंतील वंदना प्रसाद, त्यांच्या सहकारी कॅरोलिन स्ट्रॉमबर्ग, तसेंच अशोक साहनी इत्यादिकांनीं सूक्ष्मदर्शकाखालीं हे कण तपासले. २००५ मध्यें त्यांनीं जाहीर केलें कीं या लेंड्यांत निदान पांच प्रकारच्या गवतांचे अवशेष आहेत. पुढें २०११ मध्यें त्यांतील कांहीं कण भाताच्या निकटच्या आप्तांचे असल्याचें दाखविण्यांत आलें. भातावर वाढलेल्या कोंकणी माणसास हें ऐकून कौतुक वाटल्यावांचून राहणार नाहीं. तोंवर गवताचे खात्रीचे अवशेष डायनोसोरांच्या अस्तानंतरचेच ठाऊक होते.

तरी टायटॅनोसोर गाईम्हशींसारखा चरत असे, असें यावरून ठरत नाहीं. लेंड्यांत ताड, सूचिपर्णी व इतर झाडांचेही अंश आहेत. झाडांच्या पानांवर रोग पाडणारी बुरशीही आढळली आहे. गवताचा वांटा थोडाच. शिवाय या कुळाचे दांत पेन्सिलीसारखे बारीक. त्यांनीं पाला ओरबाडावा व न चावतां गिळावा, रवंथ करण्याची सोयच नाहीं. लेंडीवर मालकाचें नांवही नसतें. आसपास हाडें टायटॅनोसोरांचीं विपुल, म्हणून ती त्यांची मानतात. गवत चघळण्यास योग्य असे उंच दांत त्या काळच्या एका लहानशा सस्तन प्राण्यास होते. त्यास ‘भारतथेरियम’ म्हणतात, व त्याचे दांत तेलंगणांत नस्कल येथें मिळाले आहेत. खरा ‘चरणारा’ कदाचित् तोच असेल !

अशा लेंड्या शेतांत उघड्यावर पडलेल्या असल्यानें हौशी माणसास त्या उचलण्याचा मोह होतो. पण कोणत्या थरांतून आला हें ज्याचें कळत नाहीं असा दगड दिवाणखान्याच्या कपाटांत शोभतो, शास्त्रास तो निरुपयोगी होतो.

आतां जन्माची हकीकत. मध्यप्रदेशांत धार जिल्ह्यांत सांपडलेल्या ९२ घरट्यांचें व २५६ अंड्यांचें वर्णन २०२३ मध्यें प्रसिद्ध झालें. अंडें वाटोळें, व्यास सुमारें १५ ते १७ सेंटिमीटर, म्हणजे सोललेल्या नारळाहून कांहींसें मोठें. एवढ्या अवाढव्य आईचें अंडें एवढेंच ! घरटीं म्हणजे उथळ खड्डे, आणि तेही इतके लगत कीं मध्यें आईनें वावरावें तरी कसें ? रत्नागिरी जिल्ह्यांतच वेळासच्या किनाऱ्यावर समुद्री कासवें अंडीं पुरून परत पाण्यांत जातात. टायटॅनोसोरही तसेंच करीत असावेत असें संशोधक मानतात.

पोरक्या पिलांस भय होतेंच. गुजरातेंत ढोली डुंगरी येथील घरट्यांत अंड्यांशेजारीं वेटोळें घातलेला सुमारें साडेतीन मीटरांचा सर्प मिळाला. धनंजय मोहबे व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०१० मध्यें त्याचें नांव ‘सनाजे’ ठेवलें. अजगराइतका जबडा त्यास फांकतां येत नसे. अखंड अंडें त्यास गिळवलें नसतें, अर्ध्या मीटरचें नुकतें बाहेर आलेलें पिलूं मात्र तो गिळूं शकला असता. सर्पांतून सुटलेलें पिलूं झपाट्यानें वाढे. मादागास्करांतील या कुळाच्या एका पिलाच्या हाडांचा अभ्यास २०१६ मध्यें प्रसिद्ध झाला : जन्मतः वजन साडेतीन किलोच्या आसपास, आणि दीड ते अडीच महिन्यांत सुमारें चाळीस किलो. त्या वयांतच तें, बहुधा उपासमारीनें, मेलें.

लाव्हा वाहूं लागल्याबरोबर हे प्राणी नाहींसे झाले असेंही नाहीं. कच्छांत अंजार येथें लाव्ह्याच्या दोन थरांमधील गाळांत त्यांचीं हाडें व अंड्यांचीं कवचें मिळालीं आहेत. पहिला लाव्हा थिजून त्यावर पाणी सांचलें, तेव्हां डायनोसोर तेथें वावरत होते आणि त्यांच्या माद्या अंडींही घालीत होत्या.