आंतरराष्ट्रीय कायद्याच्या ग्रंथपालाची बदलती भूमिका

परदेशी व आंतरराष्ट्रीय कायद्याचा ग्रंथपाल पूर्वी प्रामुख्याने निवाड्यांचे खंड व करारसंग्रह मिळवून जतन करीत असे. आज बहुतेक करारांची संहिता संकेतस्थळांवर विनामूल्य उपलब्ध आहे. त्यामुळे कोणता करार कोणत्या राष्ट्रास लागू आहे, हे पडताळून देणे हे त्याचे मुख्य कार्य ठरते.

भातसानगर परिसरातील आदिवासींच्या भूमिहक्कांचा अभ्यास करू इच्छिणाऱ्या प्राध्यापकाचे उदाहरण घेता येईल. त्यास आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९८९ चा करार क्र. १६९ सहज सापडतो; परंतु भारताने त्यास अनुसमर्थन दिलेले नाही. भारताने १९५८ मध्ये अनुसमर्थन दिले, ते १९५७ च्या करार क्र. १०७ ला. हा जुना करार भारतावर आजही बंधनकारक आहे. अपवाद म्हणून स्थलांतर अपरिहार्य ठरल्यास किमान पूर्वीच्या प्रतीची जमीन द्यावी, असे त्याचे कलम १२ सांगते. तथापि करार न्यायालयात आपोआप अंमलात येत नाही. त्यासाठी सामान्यतः देशांतर्गत कायदा लागतो.

चुकीच्या कराराचा आधार घेतल्यास विस्थापितांची न्याय्य बाजूही दुबळी ठरते. म्हणूनच ग्रामीण महाविद्यालयांतील ग्रंथपालांनाही या पडताळणीचे प्रशिक्षण मिळणे आवश्यक आहे.