तार, रूळ आणि वस्ती

दौंड–मनमाड लोहमार्ग १८७८ साली सुरू झाला. श्रीगोंदा, नगर, राहुरी, श्रीरामपूर, कोपरगाव ही नावे त्याने एका दोरीत ओवली. आज त्याच रुळांवर विजेची तार आहे. माझे विद्यार्थी विचारतात, "सर, एवढी वीज वस्तीवरून जाते, मग आमचा दिवा मिणमिणता का?" प्रश्न भाबडा नाही.

रेल्वेच्या तारेत २५,००० व्होल्टचा एकाच फेजचा प्रवाह असतो. तो उच्चदाब वाहिनीवरून रेल्वेच्या स्वतंत्र उपकेंद्रात येतो, तेथून तारेत. इंजिनाच्या डोक्यावरचा पेंटोग्राफ तारेला घासून तो घेतो आणि चाकांतून रुळांवाटे तो परत फिरतो. घरची वीज येते ११,००० व्होल्टच्या वाहिनीने, रोहित्रातून २३० व्होल्ट होऊन. उगम एक, वाटा दोन. रेल्वेच्या तारेतून घराला वीज मिळत नाही याला तंत्राचेच कारण आहे. तिथे उगाच जात शोधू नये.

जात शोधायची ती मोजणीत. १९९७ पर्यंत महसुली हद्दीत कुठेही, कशासाठीही वीज वापरली गेली की गावाचे 'विद्युतीकरण' झाले असे सरकार धरीत असे. म्हणजे एखाद्या बागायतदाराच्या विहिरीवर पंप सुरू झाला की कागदावर सारे गाव उजळले! २००४ साली व्याख्या बदलली. गावठाणात आणि दलित वस्ती असल्यास तिथेही रोहित्र व वाहिन्या हव्यात, शाळा-पंचायतीत वीज हवी आणि निदान १० टक्के घरांत जोडणी हवी, असे ठरले. 'दलित वस्ती' हे शब्द वेगळे लिहावे लागले, कारण नुसते 'गाव' म्हटले की गावकुसाबाहेरचे त्यात धरले जात नाहीत, हे व्याख्या करणाऱ्यांनाही ठाऊक होते. तरीही १०० पैकी ९० घरे अंधारात ठेवून गाव प्रकाशित ठरू शकत होतेच. घरोघर जोडणी हे सौभाग्य योजनेचे लक्ष्य ठरले ते २०१७ साली.

आता रुळांकडे. १२–१३ फेब्रुवारी १९३८ रोजी याच मार्गाच्या टोकाला, मनमाडला, जी.आय.पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद झाली. अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू, हे तिथले प्रतिपादन सर्वांना पाठ आहे. त्याच भाषणातला तपशील मात्र कमी वाचला जातो: अस्पृश्य माणूस जन्मभर गँगमनच राहतो, कीमनच्या जागेवर क्वचितच जातो, त्याला हमालही करीत नाहीत, कारण हमालाला स्टेशनमास्तरच्या घरातही राबावे लागते. शत्रूचे नाव घेणे सोपे असते. तो पगारपत्रकात कुठे दडला आहे हे दाखवणे अवघड, आणि बाबासाहेबांनी ते दाखवले.

माझे वडील गँगमध्येच होते. पहार खांद्यावर टाकून ते निवृत्त झाले. घरातली पहिली पदवी माझी. गँगमनला आता ट्रॅक मेंटेनर म्हणतात. विजेमुळे रेल्वेत तारांची देखभाल करणारा वेगळा विभाग आला. तिथे तांत्रिक जागेसाठी इलेक्ट्रिशियन किंवा वायरमनचे आयटीआय प्रमाणपत्र लागते. म्हणून मनमाडचा प्रश्न आज असा विचारावा लागतो: गँगमधल्यांपैकी मुकादम किती झाले, तारेच्या विभागात किती गेले, आणि कोणत्या प्रवर्गातून? माहितीच्या अधिकाराखाली हेच विचारणारा अर्ज आमचे तीन विद्यार्थी सध्या लिहीत आहेत.